चौसष्ट घरांची संख्या

माणसांना चरित्र असते, घराण्यांना बखर असते, गावांना कैफियत असते. एखाद्या संख्येलाही स्वतःचा इतिहास असू शकतो, ही कल्पना मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. संख्या म्हणजे मोजण्याचे साधन. काम संपले की बाजूला ठेवावयाचे, एवढीच तिची योग्यता आपण मानतो. परंतु काही मोजक्या संख्या अशा आहेत की, त्यांच्या मागोमाग निघालेला मनुष्य देशोदेशी आणि शतकानुशतके हिंडत राहतो. बुद्धिबळाच्या पटावरील चौसष्ट घरांतून निघालेली संख्या ही त्यांतलीच एक होय.

ती संख्या अशी आहे: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. एकूण वीस अंक. आपल्या पूर्वजांनी एकं, दहं, शतं यापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांना नावे दिली. ही संख्या परार्धाच्याही पलीकडे दोन स्थाने जाते. एकशे चौऱ्याऐंशी परार्ध मोजून झाल्यावरही तिचा बराच भाग शिल्लक उरतो.

ती निर्माण होते मात्र अगदी साध्या रीतीने. पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा ठेवावा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ, याप्रमाणे प्रत्येक घरात मागील घराच्या दुप्पट. चौसष्टावे घर भरले म्हणजे पटावरील सर्व दाण्यांची बेरीज वरील संख्येइतकी होते. या बेरजेची एक खूण ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कोणत्याही घरापर्यंतची बेरीज ही पुढच्या घरातील दाण्यांपेक्षा बरोबर एकाने कमी असते. तीन घरांची बेरीज सात, आणि चौथ्या घरात आठ दाणे. म्हणून चौसष्ट घरांची बेरीज म्हणजे दोनचा चौसष्टावा घात वजा एक.

यामागची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. एका राजाला एका पंडिताने बुद्धिबळाचा खेळ शोधून दिला. प्रसन्न झालेल्या राजाने हवे ते मागण्यास सांगितले, तेव्हा पंडिताने हे दाणे मागितले. इतकी क्षुद्र मागणी केल्याबद्दल राजाला प्रथम रागच आला. पण कोठारातील कारकुनांनी हिशेब मांडला तेव्हा त्या दानाला सारे राज्य पुरणार नाही असे आढळून आले. ही कथा हिंदुस्थानात घडली असे जगभर सांगितले जाते, आणि आपणही ती अभिमानाने सांगतो. इतिहासाच्या अभ्यासकाला येथे किंचित थांबणे भाग पडते.

बुद्धिबळाचा उगम भारतात झाला याविषयी विद्वानांत बहुतांशी एकमत आहे. आठ गुणिले आठ घरांचा ‘अष्टापद’ पट आपल्याकडे फार प्राचीन आहे, आणि सातव्या शतकात बाणभट्टाने ‘हर्षचरिता’त अष्टापद आणि चतुरंग यांचा उल्लेख केला आहे. तेथून हा खेळ इराणात गेला आणि इराणातून अरबांकडे. दाण्यांची कथा मात्र आपल्याला जुन्या लेखी स्वरूपात भेटते ती अरबी ग्रंथांत. नवव्या शतकातील याकूबी या इतिहासकाराने ती नोंदविली आहे. तेराव्या शतकातील इब्न खल्लिकान याच्या चरित्रकोशात राजाचे नाव शिहराम आणि पंडिताचे नाव सिस्सा असे येते. या राजाचा कोणताही शिलालेख नाही, नाणे नाही, वंशावळ नाही. इकडे केरळात अंबलप्पुळा येथील श्रीकृष्णमंदिरात हीच कथा निराळ्या वेषात नांदते. तेथे प्रत्यक्ष भगवंत साधूच्या रूपाने राजाशी पटावर बसतात, पैज तांदळाची असते, आणि मंदिरातील प्रसिद्ध पायस हा त्या न फिटणाऱ्या ऋणाचा हप्ता समजला जातो. लोककथा म्हणून दोन्ही मनोहर आहेत. इतिहासाचा पुरावा म्हणून दोन्ही अपुऱ्या आहेत.

इब्न खल्लिकानने दिलेल्या वृत्तांतात एक गोष्ट मात्र कथेहूनही मोलाची आहे. इतके दाणे होतील यावर त्याचा स्वतःचा विश्वास बसत नव्हता. पुढे त्याला अलेक्झांड्रिया शहरातील एक हिशेबनीस भेटला. त्याने कागद काढून आकडे मांडून दाखविले. सोळाव्या घरात ३२,७६८ दाणे येतात; तेवढे दाणे एका मापात मावतात, हे त्या हिशेबनिसाने स्वतः मापून पाहिले होते. तेथून पुढे त्याने दाणे मोजणे सोडले आणि मापे मोजली, मग मापांची पोती, पोत्यांची कोठारे. चाळिसाव्या घराला एक कोठार, पन्नासाव्या घराला अशा १,०२४ कोठारांचे एक नगर, आणि चौसष्टाव्या घराला अशी १६,३८४ नगरे. जगात इतकी नगरे नाहीत, असे त्याने शेवटी सांगितले, तेव्हा इब्न खल्लिकानची खात्री पटली. त्या हिशेबनिसाचे नाव इतिहासाने राखलेले नाही. परंतु अविश्वसनीय वाटणारी गोष्ट माणसाला कशी पटवून द्यावी याचा उत्तम पाठ त्याने घालून दिला आहे. मोठ्या आकड्यापुढे मन बधिर होते; मापाला माप लावीत गेले की तेच मन हळूहळू त्याच्याबरोबर चालू लागते.

आजच्या मापांनी तोच हिशेब असा पडतो. गव्हाच्या एका दाण्याचे वजन सुमारे चाळीस मिलिग्रॅम धरले, तर पटाची पहिली ओळ, म्हणजे २५५ दाणे, मुठीत मावते. दोन ओळींचे ६५,५३५ दाणे म्हणजे अडीच किलोंहून थोडे अधिक. एका घराची काही दिवसांची सोय. चार ओळी, म्हणजे अर्धा पट भरला की सुमारे १७० टन होतात. येथपर्यंत कोणताही बऱ्यापैकी राजा आपला शब्द पाळू शकला असता. उरलेल्या अर्ध्या पटाने मात्र ते वजन सुमारे ७३,८०० कोटी टनांवर जाते. साऱ्या जगात हल्ली वर्षाला सुमारे ८० कोटी टन गहू पिकतो. म्हणजे सर्व पृथ्वीचे नऊशेहून अधिक वर्षांचे पीक त्या एका पंडिताच्या पदरी घालावे लागेल. राजाची चूक औदार्याची नव्हती. निम्मा पट पाहून त्याने उरलेल्या पटाचा अंदाज बांधला, ही त्याची चूक.

कथेचा पुरावा दुबळा असला तरी या संख्येवर भारताचा एक हक्क आहे, आणि तो कथेपेक्षा कितीतरी भक्कम आहे. तो हक्क पद्धतीचा आहे. चौसष्टावा घात काढावयाचा तर त्रेसष्ट वेळा दुप्पट करीत बसावे लागेल असे वाटते. छंदःशास्त्रकार पिंगलाने इसवी सनापूर्वीच याहून सोपा मार्ग सांगून ठेवला होता. त्याचा प्रश्न गव्हाचा नव्हता, अक्षरांचा होता. एका चरणात अमुक अक्षरे असतील आणि प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू असू शकेल, तर एकंदर वृत्ते किती संभवतात? प्रत्येक अक्षरागणिक ही संख्या दुप्पट होते, म्हणजे हे पटावरचेच गणित झाले. पिंगलाची सूत्रे अत्यंत त्रोटक आहेत. दहाव्या शतकातील हलायुधाच्या टीकेने ती उलगडतात. अक्षरसंख्या सम असेल तर निम्मी करावी, विषम असेल तर एक वजा करावा, आणि मग उलट्या दिशेने येताना निम्मे केले होते तेथे वर्ग करावा, एक वजा केला होता तेथे दुप्पट करावी. चौसष्ट ही संख्या सहा वेळा निम्मी केली की एकावर येते. म्हणून दोनपासून आरंभ करून केवळ सहा वर्ग करावयाचे: ४, १६, २५६, ६५,५३६, मग ४,२९,४९,६७,२९६, आणि सहाव्या वर्गाला आपली संख्या अधिक एक. त्रेसष्ट पायऱ्यांचे काम सहा पायऱ्यांत उरकते. आजची गणकयंत्रेही मोठे घात काढण्यासाठी मुळात हीच युक्ती वापरतात.

इसवी सन १००० च्या सुमारास अल्-बिरूनी या विद्वानाने आपल्या प्राचीन राष्ट्रांच्या कालगणनेवरील ग्रंथात ही बेरीज शेवटच्या अंकापर्यंत अचूक दिली आहे. तोही वर्गांच्याच मार्गाने गेला. तिचा आवाका वाचकाला कळावा म्हणून त्याने पिशव्या, ओझी, खेचरांचे तांडे, दऱ्या असे चढते हिशेब मांडले आणि अखेर २,३०५ डोंगरांपर्यंत मजल नेली. त्या वेळी तो भारतात आलेला नव्हता. परंतु शून्यासह दहा चिन्हांनी कोणतीही संख्या लिहिण्याची जी भारतीय रीत अरबांनी नवव्या शतकापर्यंत आत्मसात केली होती, तिच्यामुळे असा वीस अंकी आकडा एका ओळीत मांडणे शक्य झाले. रोमन अक्षरांत तो लिहू पाहणाऱ्यास या देणगीची किंमत ताबडतोब कळेल.

आपल्याकडे ११५० मध्ये भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दुपटीचेच एक उदाहरण घातले आहे. एका दात्याने पहिल्या दिवशी दोन कवड्या देऊन पुढे रोज दुप्पट देण्याचे वचन दिले. तर महिन्याभरात त्याने किती निष्क दिले? उत्तर येते २,१४,७४,८३,६४६ कवड्या. म्हणजे १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. शेवटच्या सहा कवड्याही आचार्यांनी सोडलेल्या नाहीत. त्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिला, असे खानदेशात चाळीसगावाजवळील पाटण येथील शिलालेखावरून कळते. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो लेख विद्वानांच्या नजरेस आणला.

आतापर्यंतचा इतिहास ही संख्या किती मोठी आहे याचा झाला. ती आतून कशी घडली आहे, हा प्रश्न पुढे युरोपात निघाला, आणि तेथे एका थोर गणितज्ञाची फसगत झाली. पटाच्या पहिल्या दोन घरांची बेरीज ३. पहिल्या चार घरांची १५, म्हणजे ३ गुणिले ५. आठ घरांची २५५, म्हणजे ३ गुणिले ५ गुणिले १७. सोळा घरांच्या बेरजेत आणखी २५७ हा गुणक येतो, आणि बत्तीस घरांच्या बेरजेत ६५,५३७. घरांची संख्या दुप्पट केली की जुन्या बेरजेला एक नवा गुणक येऊन मिळतो, आणि येथपर्यंतचे हे पाचही गुणक मूळ संख्या आहेत. म्हणजे एक आणि ती स्वतः यांवाचून दुसऱ्या कोणत्याही संख्येने त्यांना निःशेष भाग जात नाही.

फ्रान्समधील तुलूझ येथील न्यायसभेत अधिकारी असलेला पिएर द फर्मा हा फावल्या वेळी गणित करीत असे, आणि त्या फावल्या वेळाने त्याला अजरामर केले. १६४० मध्ये त्याने असे मत कळविले की, या मालिकेतील सर्व संख्या मूळच असाव्यात. सिद्धता त्याच्यापाशी नव्हती, पण विश्वास दृढ होता. पाच संख्यांनी ग्वाही दिली होती. सहावी संख्या होती ४,२९,४९,६७,२९७, आणि तीच संपूर्ण पटाच्या बेरजेतला शेवटचा गुणक आहे.

१७२९ मध्ये गोल्डबाख याने तरुण ऑयलरचे लक्ष या विधानाकडे वेधले. १७३२ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे ऑयलरने दाखवून दिले की, या सहाव्या संख्येला ६४१ ने पूर्ण भाग जातो, भागाकार ६७,००,४१७. फर्माचे विधान कोसळले. एवढा मोठा भाजक आंधळेपणाने शोधावयाचा तर शंभराहून अधिक मूळ संख्यांनी भागून पाहावे लागले असते. ऑयलरने पुढे सिद्ध केले की, या संख्येचा कोणताही मूळ भाजक चौसष्टाच्या पटीपेक्षा एकाने अधिकच असला पाहिजे. म्हणजे तपासावयाच्या मूळ संख्या उरल्या १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या प्रयत्नात उत्तर हाती येते. पटाच्या घरांची चौसष्ट ही संख्या येथे पुन्हा पुढे यावी, हा योगायोग चित्तवेधक आहे.

अशा रीतीने पंडिताच्या दाण्यांचे सर्व मूळ गुणक हाती आले: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. कोणालाही कागदावर हा गुणाकार करून पाहता येईल.

यांतील ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ यांच्या वाट्याला आणखी एक सन्मान आला. १७९६ मध्ये, वयाची एकोणीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, गाउस याने केवळ पट्टी आणि कंपास यांच्या साहाय्याने सतरा समान बाजूंची आकृती काढता येते हे सिद्ध केले. युक्लिडनंतर दोन हजार वर्षे या दिशेने कोणीही पाऊल पुढे टाकले नव्हते. पुढे असे कळले की, विषम बाजूंच्या समभुज आणि समकोन आकृतींपैकी ज्यांच्या बाजूंची संख्या फर्माच्या निरनिराळ्या मूळ संख्यांच्या गुणाकाराने होते, त्याच अशा काढता येतात. हर्मेस या जर्मन गणितज्ञाने ६५,५३७ बाजूंच्या आकृतीच्या रचनेसाठी दहा वर्षे खर्च केली. त्याचे हस्तलिखित गटिंगेन येथे जतन करून ठेवले आहे. विषम बाजूंची, काढता येण्यासारखी सर्वांत मोठी ज्ञात आकृती आहे ४,२९,४९,६७,२९५ बाजूंची. ही संख्या म्हणजे अर्ध्या पटावरील दाण्यांची बेरीज होय, तंतोतंत तीच.

एकोणिसाव्या शतकात ही संख्या कथेच्या रूपाने पुन्हा भारतात आणली गेली. १८८३ मध्ये एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने तीन खुंट्या आणि चकत्या यांचे एक कोडे टोपणनावाने बाजारात आणले. त्याबरोबर अशी आख्यायिका पसरली की, काशीच्या एका मंदिरात सोन्याच्या चौसष्ट चकत्या आहेत, पुजारी त्या एका हिऱ्याच्या सुईवरून दुसरीवर अहोरात्र हलवीत असतात, आणि ते काम संपेल तेव्हा जगाचा अंत होईल. त्यासाठी लागणाऱ्या खेपांची संख्या पटावरील दाण्यांइतकीच आहे. सेकंदाला एक खेप धरली तरी सुमारे ५८ हजार कोटी वर्षे लागतील. विश्वाचे आजवरचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते. काशीत असे मंदिर नाही. कोडे खपावे म्हणून त्याला पूर्वेचा रंग दिलेला होता. आपल्याविषयीची प्रत्येक अद्भुत गोष्ट आपण खरी मानू लागलो, तर आपल्या खऱ्या संपत्तीची ओळख बुजते. पिंगलाची सहा पायऱ्यांची युक्ती किती जणांना ठाऊक आहे, आणि काशीच्या सुवर्णचकत्यांची गोष्ट किती जणांना?

ल्युकाचे खरे कार्य त्या कोड्यापेक्षा मोठे होते. १८७८ मध्ये त्याने ऑयलरचा नियम अधिक काटेकोर केला. आपल्या सहाव्या संख्येच्या बाबतीत चौसष्टाऐवजी एकशे अठ्ठावीसच्या पटी पाहिल्या तरी पुरते, असे त्यावरून ठरते. मग तपासावयाच्या मूळ संख्या दोनच उरतात, २५७ आणि ६४१.

विसाव्या शतकात गणकयंत्रे आली आणि ही जुनी संख्या सरकारी दप्तरापासून पेढ्यांच्या खातेवह्यांपर्यंत सर्वत्र जाऊन बसली. यंत्राला दोनच चिन्हे कळतात, शून्य आणि एक, पिंगलाच्या लघू-गुरूंसारखीच. आजच्या बहुतेक यंत्रांत एका संख्येसाठी चौसष्ट जागा असतात, आणि त्या सर्व जागी ‘एक’ लिहिला म्हणजे पटावरील दाण्यांचीच संख्या उभी राहते. चौसष्ट जागांत मावणारी ती सर्वांत मोठी पूर्ण संख्या होय.

भास्कराचार्यांच्या कवड्यांनाही असाच जोडीदार मिळाला आहे. त्या राशीत एकच कवडी टाकली की २,१४,७४,८३,६४७ ही संख्या होते. ती मूळ संख्या आहे, असे ऑयलरने १७७२ मध्ये सिद्ध केले. १८११ मध्ये बार्लो या इंग्रज गणितज्ञाने लिहिले की, अशा संख्या केवळ कुतूहलाच्या, उपयोगाच्या नव्हेत. तेव्हा याहून मोठी मूळ संख्या शोधण्याच्या भरीस कोणी पडेल असे वाटत नाही. त्याची दोन्ही अनुमाने खोटी ठरली. तिच्याहून कितीतरी मोठ्या मूळ संख्या सापडल्या आहेत, आणि ती स्वतः बत्तीस जागांच्या यंत्रातील धन-ऋण संख्यांची वरची मर्यादा होऊन बसली आहे. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा बत्तीस जागांत मोजणारी यंत्रे १९ जानेवारी २०३८ रोजी त्या मर्यादेला पोहोचतील आणि पुढच्याच सेकंदाला चुकतील. त्यांना वेळीच चौसष्ट जागा देण्याचे काम जगभर चालू आहे. पट भरत आला की राजाची जी स्थिती झाली, ती यंत्रांची होऊ नये यासाठीच ही खटपट आहे.

फर्माचा प्रश्न मात्र अद्याप मिटलेला नाही. ६५,५३७ नंतर त्याच्या मालिकेतील ज्या ज्या संख्येचा निर्णय लागला, ती ती संयुक्तच निघाली. तेव्हा मूळ संख्या पाचच आहेत, असे म्हणण्याचा मोह आज होतो, आणि बहुतेक तज्ज्ञांचा कल तसाच आहे. परंतु पाच उदाहरणे पाहून फर्माने सर्वांविषयी विधान केले होते, आणि ऑयलरच्या एका भागाकाराने ते मोडले. उलट बाजूने तोच मोह आवरण्याचे शहाणपण गणितशास्त्राने त्यापासून घेतले आहे. म्हणून ग्रंथांतून हे वाक्य अजूनही जपून लिहिले जाते की, अशा पाच संख्या ज्ञात आहेत. अशा पाचच संख्या आहेत, असे कोणी लिहीत नाही.